एक सेंटीमीटर म्हणजे किती?

मी एक जुना नकाशा आहे.

थांबा. जुना की नवा, इथेच माझी गाडी अडते. माझ्यावर छापलेले साल चाळीस वर्षांपूर्वीचे आहे, आणि माझा कागद मात्र जेमतेम नऊ वर्षांचा. माझ्या डाव्या बाजूला चहाच्या कपाचे एक गोल वर्तुळ आहे, पण माझ्यावर कधीच चहा सांडलेला नाही. तेव्हा मित्रांनो, पुन्हा सुरुवात करतो.

मी एका जुन्या नकाशाची नवी प्रत आहे. आता ती प्रतही जुनी झाली.

हे जरा बरे. तरी आणखी एक अडचण आधीच सांगून टाकतो. माणसे आपली गोष्ट काल, आज, उद्या अशी सांगतात. मला ते जमत नाही. नकाशात काल आणि उद्या नसतात, इकडे आणि तिकडे असतात. माझ्या अंगावर उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन आहेत. वरच्या कडेला क, ख, ग, घ आणि डाव्या कडेला एकपासून पाचपर्यंत आकडे. मी माझी गोष्ट चौकोनांनी सांगतो. मध्येच माझा गोंधळ उडाला तर रागावू नका.

घ-५ : इथे काही नाही, नुसता कोपरा

माझा जन्म एका दुकानात झाला. एका यंत्राच्या काचेवर माझी आई पालथी पडली होती. आई म्हणजे तो मूळचा मोठा नकाशा. काचेखालून हिरवा उजेड या टोकाहून त्या टोकाला सरकला आणि दुसऱ्या बाजूने मी गरम गरम बाहेर आलो. आईच्या अंगावरच्या घड्या माझ्यावर रेघा होऊन आल्या. चहाचे ते वर्तुळ तिचेच.

आईला घेऊन आले होते ते गावच्या कचेरीतले बाबू. त्यांनी आधी चौकट आणली होती आणि नंतर नकाशा. दोन्हींचा मेळ बसेना.

"बाबू, हा कागद ह्या चौकटीत मावायचा नाही," दुकानदार म्हणाला. "चौकट मोठी आणा."

"चौकट मंजूर होऊन आलीये. ती बदलायची तर पुन्हा वरपर्यंत जावं लागेल. तू नकाशा लहान कर."

"किती लहान?"

"मावेल इतका!"

"ऐंशी टक्के करतो मग."

ऐंशी टक्के हे शब्द मी जन्मताच ऐकले. मला वाटले, मी परीक्षेत पास झालो. तेही चांगल्या गुणांनी.

एवढे करूनही मी खालून बोटभर जास्तच भरलो. दुकानदाराने पाते हातात घेतले. माझ्या पायाशी काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची एक बारीक पट्टी होती, लहानशा फूटपट्टीसारखी. "ही खालची नक्षी गेली तर चालेल?" त्याने विचारले. बाबू म्हणाले, "नक्षी काय करायचीये? वरचा मजकूर आलाय ना?" पट्टी कापली गेली. मला दुखले नाही. काय गेले तेच मला ठाऊक नव्हते.

वरचा मजकूर मात्र आला होता. उजव्या कोपऱ्यात, एका चौकटीत, अगदी कपाळावर लिहावा तसा:

एक सेंटीमीटर = पाचशे मीटर.

मित्रांनो, या एका ओळीवर नकाशाचा सगळा संसार चालतो. खरी जमीन भिंतीवर मावत नाही, म्हणून ती आखडून घ्यायची. पण सगळी सारखीच आखडायची, हा रस्ता जास्त आणि तो कमी असे नाही. मग कागदावरच्या एका सेंटीमीटरला जमिनीवरचे पाचशे मीटर, दोनला हजार, तीनला दीड हजार. आधी कागदावर मोजायचे आणि मग पाचशेने गुणायचे. इतके सोपे. माझ्या कपाळावर तसे लिहिलेच होते, आणि आपल्या कपाळावर कुणी खोटे लिहील असे कुणाला वाटते?

ग-२ : कचेरी

हा चौकोन म्हणजे मी जिथे टांगलेला आहे ती जागा. माझ्यावरच्या एका ठिपक्यात मी स्वतः लटकलेला आहे. याचा फार विचार केला की मला गरगरते, म्हणून मी करत नाही.

खोली लहान. एक पत्र्याचे कपाट, ते गुडघा मारल्याशिवाय उघडत नाही. दोन टेबले. खिडकीतून मागचे आवार दिसते आणि तिथे शाळेच्या दोन पिवळ्या बस उभ्या असतात. कोणत्या घरातल्या मुलांना बस द्यायची, हे या खोलीत ठरते. नियम एका वाक्याचा आहे: शाळेपासून घर रस्त्याने तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असेल तर बस, नाहीतर पायी. आणि अंतर नकाशावरूनच काढायचे.

बाबू निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. बाबू माणसाचे तोंड बघून बस द्यायचे, असे लोक म्हणत. नवे साहेब तोंड बघतच नसत. त्यांच्या खिशात पांढऱ्या दोऱ्याचे एक रीळ असे. रस्ते वाकडे असतात आणि फूटपट्टी वाकत नाही, म्हणून ते दोरा पाण्याच्या पेल्यात बुडवून ओला करत. मग शाळेपासून घरापर्यंत, रस्त्याच्या प्रत्येक वळणावरून, तो माझ्या काचेवर चिकटवत नेत. शेवटी नखाने खूण करून दोरा फूटपट्टीवर सरळ ताणत. त्यामुळे सगळे त्यांना दोरेसाहेब म्हणत. तोंडावर नाही.

"सात पॉइंट एक. एकाला पाचशे, तर सात पॉइंट एकला... पस्तीसशे पन्नास मीटर. बस मंजूर!"

घर तीनच्या वर असेल तर चौकटीच्या काचेवर लाल टिकली, आत असेल तर पांढरी. मागच्या वर्षी त्यांनी गावाची मावळतीची बाजू मोजली आणि या वर्षी उगवतीची. लोक भांडायला येत. कुणी म्हणे, साहेब, आमच्या कुत्र्याला विचारा किती दमतो तो. साहेब शांतपणे माझ्याकडे बोट करत. "माणसं आपल्या सोयीचं बोलतात. हा बोलत नाही, म्हणून हा खोटंही बोलत नाही."

माझी मान किती ताठ होत असेल, तुम्हीच सांगा. चौकटीत होतो म्हणून, नाहीतर मी फुगून भिंतीवरून पडलोच असतो.

घ-१ : दगडखाण

माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन आडव्या फावड्यांची खूण आहे. ती दगडखाण. खाणीच्या फाटकाशी ट्रकचे वजन करायचा मोठा काटा आहे आणि काट्यापलीकडे एकच घर. त्या घरातली बाई गुरुवारी दुपारी कचेरीत आली. ती काट्यावर काम करते. पहिला ट्रक सकाळी सहाला येतो आणि त्याआधी तिला खुर्चीत बसावे लागते. तिच्याबरोबर तिच्या दोन मुली होत्या, सातवीतली थोरली आणि दुसरीतली धाकटी. बाईच्या हातात कचेरीची नोटीस होती. खाणीवरच्या घराची बस सोमवारपासून बंद.

"साहेब, एकदा परत मोजा," ती म्हणाली.

"तीनदा मोजलंय, बाई."

"मग चौथ्यांदा मोजा. रस्त्यावर खडीचे ट्रक असतात. ह्या दोघींना एकटं चालत सोडू कशी? आणि मी सोडायला आले तर काट्यावर कोण बसणार?"

"नियम मी केलेला नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर भांडत नाहीये." तिने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "हिला माझ्या बहिणीकडे पाठवायचं ठरलंय. तिकडे शाळा दाराशी आहे. रविवारी सकाळची गाडी. धाकटीला ठेवून घ्यायला त्यांच्याकडे जागा नाही. ती माझ्याबरोबर काट्यावर बसेल."

"आणि तिची शाळा?"

"तेच तर विचारायला आलेय तुम्हाला."

साहेबांनी मान खाली घातली आणि दोरा पेल्यात बुडवला. ते वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी दोरा इतक्या हळुवार ठेवला की मला गुदगुल्या झाल्या. शाळा, पूल, वखार, उतार, खाणीचे फाटक, घर. नख. फूटपट्टी.

"पाच पॉइंट दोन," ते म्हणाले. "पाचशेने गुणले तर सव्वीसशे. चारशे मीटर कमी पडतात."

तेवढ्यात बसचे ड्रायव्हर हजेरीवर सही करायला आत आले. त्यांना सगळी मुले मामा म्हणतात. "साहेब, माझ्या मीटरवर खाणीचं घर तीनच्या वर जातं, हे मी लिहून देतो."

"मामा, तुमचं मीटर मागच्या महिन्यात उलटं फिरत होतं."

"ते उतारावर."

"मला चालत चाळीस मिनिटं लागतात," बाई म्हणाली.

"बाई, मिनिटं ज्याच्या त्याच्या पायांत असतात. मी ती कागदावर कशी लावू?"

थोरली चवड्यांवर उभी राहून माझे कपाळ वाचत होती. "हे बरोबर आहे कशावरून?"

"छापलंय ते."

"आमच्या बाई म्हणतात, छापलेलं पण ताडून बघायचं. एखादं माहीत असलेलं अंतर घ्यायचं आणि त्याच्याशी लावून बघायचं."

कपाटाशी फायली रचणाऱ्या शिपाईबाई हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोरा आणि फूटपट्टी तिच्या हातात दिली. "बघ ताडून."

माझ्यावर कुणी शंका घेण्याची ती पहिलीच वेळ. मी निर्धास्त होतो. ताडू दे की!

थोरलीने सगळ्यात आधी शाळा शोधली. शाळेचे मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर मीटर, हे तिला पक्के माहीत होते, कारण शर्यतीत ती ते धावलेली होती. माझ्यावर शाळेचा एक चौकोन आहे. तिने तो मोजला. अर्धा सेंटीमीटर.

"अर्ध्याला शंभर," ती पुटपुटली, "म्हणजे एकाला दोनशे. पाच पॉइंट दोनला... एक हजार चाळीस."

मग धाकटी म्हणाली, "ताई, म्हणजे आपण आणखी जवळ राहायला आलो?"

सगळेच हसले. मामा तर टेबलाला धरून. थोरलीचे कान लाल झाले आणि तिच्या आईने खिडकीकडे तोंड फिरवले.

आणि मी? मी पुरता गडबडलो. कपाळावर पाचशे, मैदानात दोनशे. मग मी नेमका कितीचा? की माझ्या अंगावर जागोजागी वेगळे

(इथे आईच्या घडीची रेघ आहे. इथे माझे वाक्य नेहमी तुटते.)

साहेबांनी तिला समजावले. "अगं, ते मैदान नाही. ती शाळेची खूण आहे. मापात काढली असती तर दिसलीच नसती, म्हणून खुणा मोठ्या काढतात. झाड, विहीर, शाळा, ह्या सगळ्या नुसत्या खुणा. मापात असतात ते रस्ते आणि दोन जागांमधलं अंतर."

मलाही ते तेव्हाच कळले. स्वतःच्या अंगाबद्दल दुसऱ्याच्या तोंडून कळावे यासारखी लाज नाही.

क-२ ते क-४ : कालवा

"पोरी, ये इकडे," शिपाईबाई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या फायली खाली ठेवल्या. "बारकं काही घेऊ नकोस. लांबलचक घे, आणि सरळ घे. हा कालवा बघ."

माझ्या डाव्या कडेने एक निळी रेघ जाते, आखल्यासारखी सरळ. तिच्यावर बारीक ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्याशी आकडा. शिपाईबाईंचे वडील या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याची दारे उघडायची, बंद करायची आणि पाण्यावर लक्ष ठेवायचे, हे त्यांचे काम.

"आमचं घर तीन नंबरच्या दगडापाशी. बाबांचं दार सात नंबरच्या दगडापाशी. दर दगड एक किलोमीटरला. मी लहानपणी रोज त्यांचा डबा घेऊन जायची. चार किलोमीटर जायचं, चार यायचं. आणि परत येताना डबा रिकामा असला तरी पाय तेवढेच दुखायचे."

थोरलीने फूटपट्टी ठेवली. तीनच्या ठिपक्यावर शून्य. सातच्या ठिपक्यावर...

"सहा पॉइंट चार."

"बरोबर धरलीस का?" साहेबांनी वाकून पाहिले. "हो. सहा पॉइंट चार. पाचशेने गुण."

"बत्तीसशे."

"बत्तीसशे कसे? चार हजार यायला पाहिजेत," शिपाईबाई म्हणाल्या.

"दगड सरकले असतील."

"साहेब, एकेक दगड लावायला सहा-सहा माणसं लागली होती. ते काय पोरं आहेत, नजर चुकवून इकडेतिकडे व्हायला?"

"मग तुम्हाला नीट आठवत नसेल."

"मला?" शिपाईबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "आठशे मीटर कमी असते ना, तर मी डबा नाचत नेला असता!"

साहेबांनी दोन्ही ठिपक्यांचे आकडे पुन्हा वाचले. पण ते मागे हटणाऱ्यांतले नव्हते. "एका मोजमापावर काही ठरत नाही. आणखी काही आहे का कुणाकडे? पक्कं. आठवणीतलं नको, मोजलेलं पाहिजे."

मामांनी कान खाजवला. "टाकीपासून शाळेपर्यंतचा नळ चालेल? सरळ रेषेत टाकलाय तो. माझा भाऊ होता त्या कामावर. पाच-पाच मीटरचे अडीचशे तुकडे लागले. एकही शिल्लक राहिला नाही, त्याची नोंद पाणीखात्यात आहे."

अडीचशे गुणिले पाच. बाराशे पन्नास मीटर. थोरलीने टाकी आणि शाळा यांच्यामध्ये फूटपट्टी धरली. खुणेच्या कडेपासून नाही, या वेळी मधल्या बारीक ठिपक्यापासून. ती शिकली होती.

"बरोबर दोन."

"म्हणजे पाचशेच्या हिशोबानं एक हजार मीटर," साहेब म्हणाले.

"एक हजाराला दोनशे तुकडे," मामा म्हणाले. "मग वरचे पन्नास नळ काय माझ्या भावानं उशाला घेतले?"

या वेळी कुणी हसले नाही. मामासुद्धा.

थोरलीने आईच्या हातातली नोटीस मागितली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले.

६.४ सें.मी. ला ४००० मी.
तर १ सें.मी. ला ४००० ÷ ६.४ = ६२५ मी.

२ सें.मी. ला १२५० मी.
तर १ सें.मी. ला १२५० ÷ २ = ६२५ मी.

"दोन्हीकडे एकच आलं," ती म्हणाली.

साहेबांनी पेन काढले आणि स्वतः भागाकार केला. पुन्हा केला. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी पेनाचे टोपण उलट्या बाजूने लावायचा प्रयत्न केला आणि ते त्यांना लागेना.

"आता आमचं कर," बाई हळूच म्हणाली.

५.२ × ६२५ = ३२५०

"तीन हजार दोनशे पन्नास," थोरलीने वाचले. मग एकदम मोठ्याने, "आई, अडीचशे मीटर जास्त आहे!"

मित्रांनो, त्या क्षणी माझे काय झाले ते मला सांगता येत नाही. माझ्या कपाळावर पाचशे होते आणि माझ्या अंगात सहाशे पंचवीस. मी कोण होतो इतकी वर्षे? माझा एकही रस्ता वाकडा नव्हता. शाळेहून पूल जितका लांब, त्याच्या दुप्पट खाण, तर माझ्यावरही ती दुप्पटच होती. माझ्या आतले सगळे एकमेकांशी खरे होते. मग खोटे कुठे होते?

साहेबांनाही तेच कळत नव्हते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मग ह्यानं पाचशे का लिहिलंय?" ते म्हणाले. ह्याने म्हणजे मी. जसे मीच रात्री उठून लिहिले होते.

उत्तर शिपाईबाईंनी दिले. "साहेब, पूर्वीचा नकाशा मोठा होता. टेबलाच्या बाहेर लोंबायचा. बाबूंनी आधी चौकट मागवून ठेवली आणि मग नकाशा तिच्यात बसेना. ते दुकानात घेऊन गेले आणि हा घेऊन आले. मी म्हटलंही होतं, बाबू, हा कपडा धुण्यात आटला का? म्हणाले, मजकूर सगळा आलाय."

साहेब खुर्चीत बसले. "लहान करून आणला," ते सावकाश म्हणाले. "रस्ते लहान झाले. कालवा लहान झाला. अक्षरंसुद्धा लहान झाली. पण पाचशे पाचशेच राहिले."

ऐंशी टक्के. तेव्हा कुठे मला त्या शब्दांचा अर्थ लागला. तो गुण नव्हता.

साहेब उठले. खाणीवरची पांढरी टिकली त्यांनी नखाने खरवडून काढली आणि लाल लावली. "सोमवारी सव्वासातला बस येईल," ते बाईला म्हणाले. "माझी चूक झाली."

बाईने मान हलवली. तिने नोटीस घडी करून पिशवीत ठेवली, हिशोब लिहिलेली बाजू आत करून.

धाकटी थोरलीची बाही ओढत होती. "ताई, तू आता मावशीकडे नाही ना जाणार?"

"नाही."

"मग माझी रंगपेटी परत दे."

"दिलीस ना मला? आता माझी!"

"तू जाणार होतीस म्हणून दिली होती!"

भांडत भांडत त्या दोघी जिन्यावरून उतरल्या. बराच वेळ आवाज येत होता.

ख-४ : पांढऱ्या टिकल्या

इथे माझी गोष्ट संपली असती तर बरे झाले असते.

शुक्रवारी साहेबांनी दार लावून घेतले आणि मला मोजायला घेतले. जितक्या पांढऱ्या टिकल्या होत्या तितक्या सगळ्या. नियम तीन किलोमीटरचा. पाचशेच्या हिशोबाने त्याला सहा सेंटीमीटर लागतात आणि सहाशे पंचवीसच्या हिशोबाने फक्त चार पॉइंट आठ. म्हणजे चार पॉइंट आठपासून सहाच्या आत जे कुणी राहत होते, त्या सगळ्यांना दोन वर्षांत चुकून पायी चालवले गेले होते. खाण सोडून आणखी तीन घरे निघाली. सुताराचे, सुईणीचे आणि गावाबाहेर मधमाश्या पाळणाऱ्याचे. ख-४ मधले मधमाश्यावाल्याचे घर शाळेपासून बरोबर पाच सेंटीमीटरवर. पूर्वी अडीच हजार मीटर, आता तीन हजार एकशे पंचवीस. साहेबांनी तीन पत्रे लिहिली आणि तिन्हींवर स्वतःच्या हाताने सही केली.

सोमवारी दुपारी मामा आले.

"खाणीवरच्या दोघी आल्या," ते म्हणाले. "धाकटीला खिडकी पाहिजे होती, थोरलीलाही तीच पाहिजे होती. सुताराचे दोघे आले. सुईणीचा नातू आला."

"आणि मधमाश्यावाले?"

मामांनी टोपी काढली. "हॉर्न दिला, दोनदा. मग उतरून दारात गेलो. मुलगी नाहीये, साहेब. बस मिळाली नाही म्हणून मागच्या वर्षीच काकांकडे पाठवली. तिकडेच शाळेत आहे. आता तिला तिकडची सवय लागलीये, इकडं यायचं नाव काढत नाही म्हणाला. तुमचं पत्र वाचलं त्यानं. म्हणाला, तेव्हाही दोरा पाच सेंटीमीटरच भरला होता, आताही पाचच भरतोय. मग मधल्या मध्ये बदललं काय, ते साहेबांना विचारा."

साहेबांना ते सांगता आले नाही. मलाही येत नाही. तसूभर काही हलले नव्हते. ना घर, ना रस्ता, ना शाळा, ना मी.

"काका कुठे राहतात तिचे?" साहेबांनी विचारले. मामांनी गाव सांगितले.

साहेबांनी दोरा ओला केला. मधमाश्यावाल्याच्या घरावर टोक ठेवले आणि मोठ्या रस्त्याने खाली नेत राहिले. खालचा पूल गेला, जकात नाका गेला, माझा शेवटचा चौकोन गेला. मग माझी कड आली. दोरा चौकटीच्या लाकडावरून पुढे नुसत्या भिंतीवर गेला. तिथे चुना होता आणि एक जुना खिळा. साहेब तसेच उभे राहिले, दोऱ्याचे टोक भिंतीवर अंगठ्याने दाबून. एका सेंटीमीटरला सहाशे पंचवीस, हे आता पक्के होते. पण भिंतीला कशाने गुणायचे?

नंतर त्यांनी पेन घेऊन माझ्या काचेवर, छापील ओळीच्या खाली, नवी ओळ लिहिली आणि त्यापुढे "ताडून पाहिले" असे लिहून तारीख घातली. मधमाश्यावाल्याच्या घरावर त्यांनी लाल टिकली लावली. मामा म्हणाले, "साहेब, तिथं कुणीच नाही चढायला." साहेब म्हणाले, "तरी थांबत जा. मिनिटभर."

मित्रांनो, मी खोटा होतो की नव्हतो, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. तुम्ही लावलात तर मला कळवा. तोवर एवढेच करा. कुठल्याही नकाशाला लहान केलेत, मोठे केलेत, तर त्याच्यावरचा आकडाही बदला. त्याच्या पायाची ती काळी-पांढरी पट्टी कापू नका, कारण नकाशाबरोबर लहान-मोठी होते ती तेवढी एकच. आणि नकाशा कितीही देखण्या चौकटीत असला, तरी त्याला विचारण्याआधी एखाद्या अशा माणसाला विचारा, जो तो रस्ता रोज चालतो.